बुढी कोनाशी बोलून राहिली?

नाझीम, आधी भांडण करून घेऊ. रडायचं आहेच, पण ते कुठं पळून जात नाही.

परवा अमरावतीत तुझी शोकसभा झाली. इथल्या साहित्य मंडळानं ठेवली होती. तुझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात तू भर वर्गात झोपलेला सापडल्यासारखा दिसतोस. अध्यक्ष बोलले, "वऱ्हाडी बोलीच्या आपल्या ध्वनिसंग्रहाला कैलासवासी नाझीमभाईंनी मोलाचं तांत्रिक साहाय्य केलं." कैलासवासी! आणि तांत्रिक साहाय्य! मंडपवाला करतो तसं, भोंगेवाला करतो तसं. गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं कोणी केलं, रुसलेल्या बुढ्याला परत खाटेवर आणून कोणी बसवलं, यातलं एक अक्षर नाही.

मग श्रद्धांजली म्हणून त्यांनी अंजनाबुढीचं रेकॉर्डिंग लावलं. भातकुलीकडची ती अंजनाबाई. अकोटच्या बाजारात बैलाचं वय चोरणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं चपलेनं कसं हाणलं, तो किस्सा. बुढी रंगात येते आणि मध्येच थांबून विचारते, "काहून हसून राहिला रे पोरा?" रेकॉर्डिंगमध्ये कोणीच हसत नाही. थोडी शांतता. मग बुढी म्हणते, "हास, हास! दातात तीळ अटकला हाये तुह्या." पुन्हा शांतता. सभागृहात हशा पिकला. माझ्या मागचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बुढीचं डोकं फिरेल दिसते."

ती तुझ्याशी बोलत होती, नाझीम. दातात तीळ तुझ्या होता. तुझ्याच शोकसभेत, तुझं हसणं कापून टाकलेलं रेकॉर्डिंग, तुला श्रद्धांजली म्हणून वाजवलं गेलं. आणि ते ज्यानं कापलं तो पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता. मी बसलो होतो. उठून "थांबवा हे" म्हणायला हवं होतं. मी चष्मा पुसला.

माझ्या या गप्प बसण्याला लोक सज्जनपणा म्हणतात. तू भित्रेपणा म्हणायचास. "सुभ्या, तू चूप बसला का लोकायले वाटते तू इचार करून राहिला," असं तूच म्हणाला होतास. आज बोलतो. उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे.

आपण कॉलेजात असताना कौंडण्यपूरच्या जत्रेत उसना टेपरेकॉर्डर घेऊन फिरलो, तिथून हे वेड लागलं. पुढं तू अकोल्याला भौतिकशास्त्र शिकवत राहिलास, मी अमरावतीला औषधाचं दुकान टाकलं, पण रविवार आपला होता. तुला ओव्या-अभंग नकोच असायचे. तुला पाहिजे असायची भांडणं. बैलबाजारातला सौदा, विहिनींची उणीदुणी, शिव्या. "गानं तं कोनीबी जपते बे," म्हणायचास, "भांडन कोन जपते?" मी माइक धरायचो आणि मुका राहायचो. बोलायचास तू. जिथं जायचो तिथं पहिल्या चहाआधी तू त्या घरचा झालेला असायचास.

मग कॅसेटी खराब व्हायला लागल्या आणि तू तो डबा घेऊन आलास. जेवणाच्या डब्याच्या एका पुडाएवढा कॉम्प्युटर. मी म्हणालो, हा कॉम्प्युटर आहे की अडकित्ता ठेवायची पेटी? तू माझ्या काउंटरवर, खोकल्याच्या बाटल्या बाजूला सारून, त्याचं झाकण उघडलंस. आत दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एक बोटभर लांबीची हिरवी पट्टी. तिच्यात फिरणारं, हलणारं काही नाही, आवाज नाही, कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू. तो एसएसडी. दुसरी, पत्त्यांच्या कॅटाएवढी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते, ती गुरगुरते, गरम होते, पण पोट मोठं.

"हे काहून दोन?" मी विचारलं. "सारं त्या पट्टीवरच घे ना. पट्टी पळते."

"पळते म्हनूनच," तू म्हणालास. "हे पाह्य, हा शंकरपटाचा गोऱ्हा हाये." पट्टीवर बोट. "आन् हा बंडीचा बैल." डिस्कवर बोट. "पटात पळवाले गोऱ्हा लागते. पर कापूस घरी आनाले त्याले बंडीले जुपशीन काय?"

"बेजोड जोडी हाये. एका जुवाखाली चालनार नाई."

"एका जुवाखाली ठेवतच नाई ना बाप्पा! एका गोठ्यात ठेवून राहिलो."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत संपलं नाही. आता एकट्यानं चालवतो आहे.

तुझा नियम एकच होता. कापाकापी, साफसफाई, जोडाजोड सगळं पट्टीवर. मूळ रेकॉर्डिंग बंडीच्या बैलावर, जसं झालं तसं, खोकल्यासकट, कुत्र्यांसकट. त्याला हात लावायचा नाही. तू त्या मूळ फायली कुलूपबंदही करून ठेवल्या होत्यास. मी म्हणायचो, साफ झालेलं आहे ना आपल्याजवळ, मग कोंडा कशाला सांभाळायचा? तू म्हणायचास, "खळ्यावर कोनी बियानं ठेवते काय बे? जिथं उफनते तिथं ठेवत नसते."

मला ती डिस्क आवडायची नाही, हे खरं. मूळ फाईल उघडायला गेलं की आधी तिला जाग यायची. घर्र करायची, खाकरायची, मग कुठं फाईल उघडायची. तेवढा वेळही मला जड व्हायचा. "म्हातारा बैल उठतांनी खांदा झटकतेच," तू म्हणायचास.

आणि दर पोळ्याला तू अमरावतीला यायचास. तुमच्या अकोटच्या घरची जोडी तुझ्या अब्बांच्या वेळी गावच्या तोरणाखाली उभी राहायची, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की त्या बैलांच्या शिंगांचा बाकही मला पाठ आहे. वावर गेलं, बैल गेले, तू मास्तर झालास. मग तू त्या डब्याचा पोळा सुरू केलास. आदल्या दिवशी, ज्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे शेकतात, त्या दिवशी डबा उघडायचास. रंगकामाच्या मऊ ब्रशनं पंख्यातली धूळ काढायचास. पट्टीवरचं वर्षभराचं काम डिस्कवर उतरवायचास. झाकण लावलं की त्याच्यावर हळदीचं बोट, आणि बैलांना देतात ते आमंत्रण: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझी बायको हसून हसून पुरणाच्या पातेल्याला टेकायची. दुसऱ्या दिवशी जेवायला अर्थात तूच यायचास, आणि दोघा बैलांचं खायचास.

यात तुझंही एक पाप आहे, ते नोंदवून ठेवतो, कारण मेल्या माणसाचं सगळं गोड असं मी लिहिणार नाही. "डिस्कची आनखी एक नक्कल काढून अकोल्याले ठेवतो," हे तू दर पोळ्याला म्हणायचास. भौतिकशास्त्राचा मास्तर! पोरांना सांगायचास की फिरणारी वस्तू कधी ना कधी थांबते. आणि तुझी ती नक्कल दर वर्षी पुढच्या पोळ्यावर जायची. शेवटपर्यंत मूळ फक्त एकाच ठिकाणी राहिलं. माझ्या घरी. माझ्यासारख्याच्या घरी!

आता ते सांगतो जे तुला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मंडळाचे लोक आपला संग्रह ऐकायला दुकानावर आले होते. तू नव्हतास, तुझ्या कॉलेजात परीक्षा होत्या. त्यांना आवडला. इंटरनेटवर टाकू, मोठा कार्यक्रम करू म्हणाले. मग अध्यक्षांनी घसा साफ केला. म्हणाले, "सुभाषराव, फक्त एक. तो प्रश्न विचारणारा आवाज काढून टाका. तो मध्ये मध्ये हिंदी-उर्दू घुसवतो. ते वऱ्हाडी वाटत नाही." दुसरे म्हणाले, "लोक विचारतील, हा कोण." तिसऱ्यांनी चहा संपवला.

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. "बरं." अरे, पाच पिढ्या अकोटात काढलेला माणूस तू! "काहून" आणि "कायले" यातला फरक मला तू समजावून दिलास, मी अमरावतीच्या वकिलाच्या घरातला, पुस्तकी बोलणारा. या मातीत उर्दूशिवाय वऱ्हाडी बोलून दाखवा म्हणावं एक तास! बाजार, जमीन, सौदा, खुशाल, बेजार काढून टाका आणि मग बोला! आणि तुझ्या अब्बांच्या बैलजोडीला तोरणाखाली कोणी विचारलं होतं का, की तुम्ही वऱ्हाडी वाटत नाही? हे सगळं मला तेव्हा येत होतं. जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, बरं.

मग दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून, त्या पळत्या गोऱ्ह्यावर, मी तुला कापलं. प्रश्न कापले. "हाव ना मावशी", "मंग काय झालं" कापलं. हसणं कापायला सगळ्यात त्रास झाला, कारण ते लोकांच्या बोलण्यात मिसळलेलं होतं. जिथं जमलं नाही तिथं शांतता भरली. काम फार भरभर झालं, कारण पट्टी पळते. डिस्क असती तर दर फाईलला खाकरली असती. कदाचित मी थांबलो असतो. नाही, हेही खोटं. थांबलो नसतो.

तुला फोन करून सांगितलं, वेळेचं बंधन आहे, म्हणून प्रश्न गाळले. आणि वर मूळ फायली पुसायची परवानगी मागितली, जागा होईल म्हणून. जागेची गरज नव्हती. मला पुरावा नको होता. तू म्हणालास, "बंडीच्या बैलाले हात लावजो नको, सुभ्या. बाकी काय करतं ते कर."

कार्यक्रमाला तू अकोल्याहून एसटीनं आलास, इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या रांगेत बसलास. पडद्यावर संकलक म्हणून माझं एकट्याचं नाव. मग अंजनाबुढी बोलली, आणि हॉल परवासारखाच हसला. मी मागे वळून पाहिलं नाही.

नंतर बसस्टँडवर चहा पिताना तू म्हणालास, "बुढी कोनाशी बोलून राहिली बे? हवेशी?"

मी म्हणालो, "वेळ कमी होता ना."

तू कप खाली ठेवलास. "कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. वेळच कमी होता."

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालास, "बरं." माझाच शब्द. आणि अकोल्याची गाडी लागली म्हणून पिशवी उचललीस.

या "बरं"साठी मी तुझ्यावर चिडलो आहे. तू भांडायला हवं होतंस! डब्याच्या एका स्क्रूवरून तू माझ्याशी आठवडा-आठवडा भांडलास. कूलरसमोर डबा आडवा ठेवायचा की उभा, यावरून माझ्या बायकोला पंच केलंस. आणि स्वतःच्या आवाजावरून एक शब्द नाही? तुला कळलं होतं. आवाज का काढला, कोणी सांगितलं, सगळं कळलं होतं. तू मला वाचवलंस, आणि मला ते नको आहे, ऐकतोस का? असं उपकार करून मरायचं नसतं. पोळ्याला ये, भांड, शिव्या दे, मग जा. पण तू पोळ्याआधीच गेलास, फळ्यासमोर उभा असताना, अर्धं सूत्र लिहून.

तुला माती देऊन आलो त्या दिवशी भाभींना भेटलो नाही. त्या इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या मुदतीत, कोणासमोर येत नाहीत. मी ओसरीवर बसलो, त्या पडद्याआडून बोलल्या. "भाईसाब, उनकी आवाज तुमारे पास होयेगी ना? मेरे फोन में तो खाली 'हाँ, निकल गया' इतनाच है. दिनभर सुनती मैं. 'हाँ, निकल गया.'"

मी म्हणालो, "हाव भाभी. आहे."

आहे म्हणालो, पण मला माहीत नव्हतं. कारण अजून एक सांगायचं राहिलं आहे. या उन्हाळ्यात डबा तापायला लागला. तू सांगितलं होतंस, की दोन्ही एकाच लहान घरात राहतात, एकाची गरमी दुसऱ्याला लागते, उन्हाळ्यात कूलरसमोर ठेव, धूळ काढ. मी धूळ काढली नाही. डिस्कच काढली. तुझा बंडीचा बैल ओढून बाहेर काढला आणि गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून, दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. वर टिनाचं छत. अमरावतीचा मे महिना. औषधं थंड ठेवायला माझ्याकडे फ्रीज आहे, नाझीम. माणसं ज्या डिस्कवर होती तिला मी टिनाखाली ठेवलं, कारण ती नजरेसमोर नको होती.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या स्टूलवर चढलो. खोकं काढलं. डब्याचं झाकण उघडलं, तुझ्या ब्रशनं धूळ काढली. खाचेत डिस्क बसेना. गिऱ्हाईक बीपीच्या गोळ्या मागत होतं, त्याला म्हणालो थांब. शेवटी बसली. कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत सुरू झाला, कारण तो तर गोऱ्ह्यावर चालतो, त्याला काय. पण बैलाची खूण पडद्यावर दिसेना. मी दोन्ही हातांनी डबा धरून बसलो. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं भाऊ?" मी म्हणालो, "बैल उठून नाई राहिला." ते वेड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहत राहिलं.

मग तळहाताला घरघर लागली. थांबली. पुन्हा लागली. म्हाताऱ्यानं खांदा झटकला.

मी काही ऐकलं नाही. आधी तुझी ती दर वर्षी पुढं ढकललेली नक्कल काढली. ती पूर्ण होईपर्यंत जागेवरून हललो नाही. मग डबा पिशवीत घेतला आणि अकोल्याची एसटी पकडली.

तुझ्या धाकट्या भावानं डबा आत नेऊन टीव्हीला जोडला. मी ओसरीवर. आतून आवाज आला. अंजनाबुढी. अकोटचा बाजार, व्यापारी, चप्पल. आणि तुझं हसणं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं, शेवटी ते उचकीसारखं. बुढी म्हणाली, "काहून हसून राहिला रे पोरा?"

आणि तू म्हणालास, "मी कायले हासू मावशी? बैल हसून राहिला. त्याचं खरं वय त्याले माहीत हाये ना!"

"हास, हास! दातात तीळ अटकला हाये तुह्या," बुढी म्हणाली आणि स्वतःही हसायला लागली. बुढी वेडी नव्हती. शहाणी होती, आणि खुशीत होती. तिलाही मी वेडी करून ठेवलं होतं.

आणि मग, अगदी माइकजवळ, एक तिसरा आवाज. तरुण, कडक, शिष्ट. "चूप बस ना नाझीम, रेकॉर्ड होऊन राहिलं."

मी. त्या संपूर्ण रेकॉर्डिंगमध्ये माझं एवढं एकच वाक्य आहे.

आत कोणीतरी टीव्ही थांबवला. मग पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "भाईसाब, ये 'चूप बस' कौन बोला?"

"मीच भाभी."

"हव. तो वो सुने क्या तुमारा?"

"नाही भाभी. पुढं ऐका. कुठंच नाही ऐकलं."

आणि आतून हसणं आलं. टीव्हीतून तुझं, आणि पडद्याआडून त्यांचं, रडण्यात भिजलेलं. मी ओसरीवर, गुडघ्यांत डोकं घालून.

परतताना एसटीतूनच अध्यक्षांना फोन लावला. म्हणालो, कापलेलं सगळं इंटरनेटवरून काढा. मूळ देतो, ते लावा. संकलक म्हणून दोन नावं, पहिलं नाझीमचं. आणि 'तांत्रिक साहाय्य' हे शब्द पुन्हा माझ्या कानावर येऊ देऊ नका.

"सुभाषराव, आता कशाला? माणूस तर गेला."

"गेलेला नाही, साहेब. आपण काढला. तुम्ही सांगितलं, मी काढला."

"तुम्ही चढ्या आवाजात बोलताय. असे कधी बोलत नाही तुम्ही."

"हो. तिथंच सगळं चुकलं," मी म्हणालो. सगळी बस माझ्याकडे पाहत होती. पाहू दे. त्यांनी लावलं नाही तर मी लावीन, दुकानाच्या ओट्यावर भोंगा ठेवून लावीन. तुझ्या शिव्यांसकट.

नाझीम, माफी मागून तू मला सोडणार नाहीस, आणि मी तशी मागतही नाही. तू "बरं" म्हणशील, याचीच मला भीती वाटते. तुझं आणि माझं भांडण अर्धंच राहू दे. जोडी बेजोडच होती आपली. तू बोलायचास, मी कापायचो. एका गोठ्यात इतकी वर्षं कशी निभली, तेच नवल.

उद्या पोळा आहे. डबा समोर उघडा आहे. पट्टी आणि डिस्क, दोघं आपापल्या जागी. धूळ काढली, डब्यावर हळदीचं बोट लावलं. बायको आत पुरण वाटते आहे आणि या वर्षी हसत नाही. आमंत्रण तूच म्हणायचास दर वेळी, म्हणून ते वाक्य माझ्या तोंडात बसत नाही, पण आता म्हणायला दुसरं कोणी नाही.

आज आवतन घे, नाझीम, उद्या जेवाले ये. आन् आल्यावर बोलजो, हासजो, मधामधात तोंड घालजो. मी चूप बसतो.